दूध सखूबाईचं, उंदीर बाळाबाईचं

...आता तुमीच सांगा, दूध कुणाचं? सखूबाईचं. म्हशीचं, तापवून निववून, सायीसकट पितळीत घालून मांजरीम्होरं ठिवायचं, आन् मांजरीनं काय करायचं, तर डोळं मिटून सगळं प्यायचं, मिशा पुसायच्या, आन् कुडावरनं उडी टाकून पलीकडं जावंच्या घरात उंदीर मारायला जायचं. हितलं उंदीर हितंच, खुशाल! म्हंजी दूध सखूबाईचं आन् उंदीर बाळाबाईचं, ह्यो कुठला न्याव?

तुमाला सांगतो, भोरला तवा संस्थान व्हतं, तवाची ही पासली गावातली गोष्ट. ही दोन घरं मुळात एकच. थोरला आनंदराव, धाकला गेनू. वाटण्या झाल्या, रानं वाटली, भांडी वाटली, पर जातं एकच, ते काय मधनं कापता येतंय? जातं गेलं धाकल्याकडं, आन् थोरल्याची सखूबाई, धाकल्याची बाळाबाई, दोघी जावा सहा वर्सं बोलल्या न्हाईत. मधी कारवीचा कूड घातला, शेणानं लिपला. पर कूड काय आढ्याला भिडत न्हाई. माणसांनी वाटणी मानली, मांजरीनं कुठं मानलीया...

बरं, सखूबाईनं करायचं काय ठिवलं? माहेरावरनं मांजर पाटीत घालून आणली तवाच चुलीभवती तीन येढं घातलं, म्हंजी मांजर घर धरतं म्हणून. धरलं की! चुलीपाशी निजायला धरलं. मग दूध बंद केलं. तर ती रडली? वरडली? नुसती म्होरं बसून बघत ऱ्हायली, सासूनं नव्या सुनंची भाकरी बघावी तशी. तिसऱ्या दिशी सखूबाईच्याच घशाखाली घास उतरंना, दूध पुन्हा चालू. मग कणगीपाशी सुंभानं बांधून ठिवली. उंदीर आला, कणगीवर चढला. मांजरीनं एक डोळा उघडला, बघितलं, मिटला, जणू कुणाचा पाव्हणा आलाय. सोनबा गुरवाला इचारलं, तर तो लई येळ आभाळाकडं बघून म्हनला, "तिची मर्जी." आता हे सांगायला गुरव कशाला पायजे?

आन् पलीकडनं रोज सकाळी बाळाबाई मेलेला उंदीर शेपटीला धरून उकिरड्यावर निघायची, ती नेमकी सखूबाईच्या दारावरनं. बोलायची न्हाई. बोलली असती तर बरं, निदान उत्तर तरी देता आलं असतं. सखूबाई मनातल्या मनात म्हनायची, दूध सखूबाईचं, उंदीर बाळाबाईचं.

हितवर हसायचं काम झालं. म्होरं जेठ लागला, भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालं, पेरणी चार दिसांवर आली. आनंदरावानं बियाण्याच्या कणगीत हात घातला, तर हाताला नुसती फोलकटं. तळाला उंदराचं घरटं, सखूबाईच्याच जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचं, आन् त्यात बोटाच्या पेराएवढी गुलाबी पिल्लं. बी न्हाई म्हंजी वरीसभर भात न्हाई. साऱ्या खोऱ्यात ज्याचं त्याला पुरंल एवढंच बी, मागायचं कुणाला? राहता राहिलं एक घर, आन् मधी कूड. आनंदराव दोनदा उठला, अंगणापातूर गेला, माघारी आला. सखूबाई मांजरीम्होरं बसली आन् हळूच म्हनली, "तुला काय कमी केलं गं म्या?" मांजरीनं पाय चाटाय घेतला.

कुडातनं पलीकडं सगळं ऐकू जातंयच. सांजच्याला उंबऱ्यावर सावली पडली. बघतात तर बाळाबाई, डोक्यावर पाटी. पाटी खाली ठिवली, पदर सावरला, मान खाली घालून म्हनली, "आक्का, उंदरांचा वाटा धरून आमी दरसाल दोन पाट्या बी जादा ठिवतो. औंदा त्याला उंदरांनी तोंडच लावलं न्हाई. तुमच्या मांजरीनं राखलं, तवा ते तुमचंच. दुसरी पाटी ह्ये घिऊन येत्यात."

सखूबाईनं सहा वर्सं काय काय बोलायचं साठवलं व्हतं म्हनता... ते सारं ऱ्हायलं बाजूला, तिनं पाटी उचलून आत घेतली. म्हनली, "आत ये. गुळाचा च्या टाकते."

च्या झाला. मग सखूबाईनं इचारलंच, "खरं सांग बाळे, तू काय खायाला घालतीस तिला?"

बाळाबाई बावरली. "म्या? म्या तर रोज काठी घिऊन हाकलते. एकदा पाठीत बसली बी."

आता काय म्हनावं? दूध सखूबाईचं, काठी बाळाबाईची, आन् चाकरी काठीची!

सखूबाई रातभर इचार करत ऱ्हायली. सकाळी भाकरी तव्यावर टाकली, काठी घेतली, आन् चांगली उगारून मांजरीम्होरं हुबी ऱ्हायली. मांजरीनं वर बघितलं. उठली, काठीला गाल घासला, गुरगुर केली, आन् सखूबाईच्या पावलावर अंगाची गुंडाळी करून निजली. सखूबाई तशीच हुबी. पायाला मुंग्या आल्या, भाकरी करपाय लागली, शेवटी कुडापल्याड हाक मारली, "बाळे, जरा येऊन भाकरी उलटतीस का गं... मला हलता येत न्हाई, मांजर निजलीया."