छगनचा हात आणि माझी सही

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील संचालक मंडळी, नव्या साखर कारखान्याला चीफ इंजिनिअर म्हणून निघालेले आमचे रंगनाथराव, आणि समोर बसलेल्या कामगार बंधूंनो,

माझ्यासारख्या मिल फिटरला माईकपुढे उभं केलंत, मी आभारी आहे. रंगनाथराव आणि मी गावच्या देवळातल्या शाळेत एका तरटावर बसलो. तेव्हापासून ते मला बन्स्याच म्हणतात.

आधीच्या वक्त्यांनी एकाहत्तर सालच्या विक्रमी गाळपाचं कौतुक केलं. तो दिवस मी पाहिला आहे. ऊस तुंबला की मिल थांबवून काढायचा, असा नियम. आपण थांबवतो का कधी? चालत्या मिलमध्येच पहार घालतो. दहा मिनिटं वाचतात. त्या दुपारी मी मिल बंद करायला निघालो, तर पाळीचे इंजिनिअर असलेले रंगनाथराव म्हणाले, "बन्स्या, हात लावू नको. विक्रम जाईल. छगन, घाल पहार."

छगन माझा मदतनीस. त्याने घातली. रोलरने पहार ओढली, पहारीमागून हात, पार खांद्यापर्यंत. हाड मोडल्याचा आवाज त्या घरघरीतही ऐकू आला. मी मिल थांबवली तेव्हा खालचा रस लाल झाला होता. त्या रसाचं पुढे काय झालं, कुणी विचारलं नाही.

लोक खवळले. "ह्याला बी घाला रोलरमंदी," गोरक्षनाथ म्हणाला, आणि चौघांनी रंगनाथरावांना फरफटत मिलकडे नेलं. मी त्यांच्या अंगावर आडवा पडलो. माझ्या दोन बरगड्या मोडल्या, गोरक्षनाथचे दोन दात मी पाडले. तो इथं पुढेच बसलाय. हसतोय, म्हणजे राग गेला असावा.

दवाखान्यात रंगनाथराव माझ्या उशाशी आले. "बन्स्या, जीव वाचवलास, आता नोकरी वाचव. छगननं आपणहून हात घातला, एवढ्यावर सही कर."

मी केली. छगन निष्काळजी ठरला, घरी बसला. मी रोज मारुतीला पाणी घालून क्षमा मागत राहिलो. गुन्हा छगनचा केला होता, आणि क्षमा देवाकडे मागत होतो.

उद्या रंगनाथराव दुसऱ्या मिलपुढे उभे राहतील. तिथंही कुणाच्या तरी हातात पहार असेल. म्हणून अध्यक्ष महाराज, या सभेत सांगतो: हुकूम झाला होता, मी ऐकला होता, माझी सही खोटी आहे. तसं लेखी आणलंय, ते घ्यावं. रंगनाथ, मान वर कर आणि तूही सांग.

आपण शांतपणे ऐकलंत, उपकार झाले. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. सहीची माफी मात्र सभेने देऊ नये. छगन शेवटच्या रांगेत बसला आहे. द्यायची की नाही, ते तो ठरवेल.