चारच तारा

आमच्या सासूबाईंची टँकरवाल्यांवर काय दहशत होती हे ठाऊक नसेल, तर माझ्या बास गिटारची गोष्ट कळायची नाही. मी नांदेडची, लग्न होऊन लातुरात आले ती ऐन दुष्काळात. टँकर आला की सासूबाई पिंप काठोकाठ भरून घ्यायच्या, मगच ड्रायव्हरला जाऊ द्यायच्या.

त्यातच मी घरी जोडायची बास गिटार मागवली. चुपचाप खोलीत न्यायचा बेत होता, पण खोकं त्यांच्याच हाती पडलं. आता परत पाठवतात की काय, या धास्तीनं मी दारामागं उभी. त्यांनी कुरिअरवाल्याला उंबऱ्यातच थांबवलं आणि खोकं उघडून लाकूड, खुंट्या, तारा सगळं तपासलं.

"चारच तारा? लग्नात ऑर्केस्ट्रावाल्याच्या गिटारीला सहा होत्या, मी मोजल्यात. बाकीच्या दोन कुठं हायत?"

"मावशी, मी नुसतं पोचवतो."

"टँकरवाला बी हेच म्हणतो. माझी सून बोलत न्हाई म्हणून तिला फसवायलास का?"

'माझी सून' हे मी पहिल्यांदाच ऐकलं. पण आता दारामागून पुढं येऊन बोलावंच लागलं, "आई, बासला चारच असतात."

त्यांनी आत जाऊन पिंपाचं झाकण काढलं. मग कुरिअरवाल्याला तांब्याभर पाणी दिलं. त्या दिवसांत याहून मोठी माफी नव्हती.

गिटार जोडून झाली, स्पीकरला लावली. पहिला सूर घुमला तसे मांडणीवरचे डबे थरथरले. स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, दोन कमी आल्या!"