आयझिरेक का जेवत नाही

बुरुलचा : तुम्हीच सांगा आता माझ्या सुनेला, डॉक्टरीणबाई! पाच महिने झाले घरात येऊन, पण दोन घास खाल्ले की ताट बाजूला. गाव म्हणतं, म्हातारी सुनेला उपाशी मारते.

डॉक्टर : नारिन शहरातल्या लॅबमधून रिपोर्ट आलाय. आयझिरेकच्या जठरात जंतू आहे. जुना, बहुतेक लहानपणापासूनचा.

बुरुलचा : तो तर माझ्या पोराला, एर्मेकलाही निघाला होता! अन् तो अख्खं मेंढीचं मुंडकं फस्त करतो.

डॉक्टर : भूक लागली हे मेंदूला कळवणारं हार्मोन जठरात तयार होतं. जंतू वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसला की ते कमी पडू शकतं. पुरुषात अन् बाईत सारखंच घडतं असंही नाही. का, ते आम्हालाही अजून नीट उमगलेलं नाही.

बुरुलचा : म्हणजे आमच्यामुळे नाही! ऐकलंस ना गं? मला वाटायचं, एर्मेकनं लग्नासाठी न विचारता उचलून आणली म्हणून राग धरलायस.

आयझिरेक : मलाही तसंच वाटायचं, आई.

डॉक्टर : उचलून आणली?

बुरुलचा : अहो, मलाही तशीच आणली होती. तीन दिवस रडले, चौथ्या दिवशी चूल पेटवली.

डॉक्टर : आजी, जरा बाहेर बसता? पोट तपासायचंय हिचं.

आयझिरेक : ...गेल्या का त्या?

डॉक्टर : गेल्या. बोल. जायचंय तुला?

आयझिरेक : कुठं? वडील म्हणतात, आता तेच तुझं घर. फोन नवऱ्याकडे. तोंडानं कुणाला नाही म्हणता आलं नाही. वाटायचं, निदान पोट तरी माझ्या बाजूनं नाही म्हणतंय. आता तेही जंतूचंच निघालं.

डॉक्टर : दोन्ही असेल. मन काही रक्तात सापडत नाही. चौदा दिवस गोळ्या घे, मग तपासणीला ये. तिकडे राजधानीत, बिश्केकला, अशा बायकांना आसरा देणारं एक घर आहे. मी बोलून ठेवते.

आयझिरेक : सासूबाई सोबत येतील.

डॉक्टर : येऊ देत. या खोलीला मागून दार आहे.

(पंधराव्या दिवशी, त्याच दवाखान्यात.)

बुरुलचा : तासभर झाला की! एवढं काय तपासताय?

डॉक्टर : आजी, आयझिरेक गेली. स्वतःच्या मर्जीनं.

बुरुलचा : गेली? ...अहो, सकाळी दोन नान खाल्ले तिनं. लोणी लावून. मीच वाढले.

डॉक्टर : बसा. पाणी देऊ?

बुरुलचा : वाट लांबची असणार. तिसराही दिला असता.