तलावासमोरचा फ्लॅट

शहाण्णव सालची गोष्ट. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये साबुदाण्याच्या खिचडीसाठी रांग लागली होती. पुढे बहीणभाऊ मराठीत बोलत होते, म्हणून वीणाने आपसूक कान दिला.

"दादा, तात्यांनी गाझियाबादला फ्लॅट बुक केला."

"कुठला?"

"तू ब्रोशर केलंस ना, तोच. तलावासमोरचा."

"अगं, तिथे तलाव नाहीये."

"तूच तर काढलायस."

"दिवसभर ऑफिसात सरकारी पोस्टरं, रविवारी ही बाहेरची कामं. पान खालून रिकामं दिसत होतं. बिल्डर म्हणाला, कुछ नीला डाल दो."

"आणि बदकं?"

"ती माझी आयडिया."

"तात्या मंडळात सगळ्यांना ते ब्रोशर दाखवत फिरतायत. कुणी शंका काढली की म्हणतात, माझ्या मुलाने काढलाय, म्हणजे तलाव असणारच."

"अच्छा."

"अच्छा काय, यार? त्यांना सांग."

"सांगतो."

"कधी?"

रांग सरकली. भावाने ताट उचललं, बाहीला पुसलं.

"पुढच्या छपाईत बदकं काढून टाकतो."