श्रावणातला गळ

दुबईत करामा भागातल्या दवाखान्यात दगडू रक्त तपासायला बसला होता. शेजारच्या बाकावर एक मराठी जोडपं आफ्रिकेला जाण्याआधीच्या इंजेक्शनसाठी थांबलं होतं. दगडूने कान तिकडेच लावले.

“युगांडात नाईलमधून पन्नास किलोचा मासा काढतो की नाही बघ!” नवरा बायकोला म्हणाला.

“अहो, पण श्रावणात? आईंना शब्द दिलाय तुम्ही.”

“न खाण्याचा दिलाय, सुहास. गळाला लावायचा, फोटो काढायचा, पाण्यात सोडून द्यायचा. खलास!”

“आणि लागलाच नाही तर?”

“लागणार म्हणजे लागणार! गाइडशी फोनवर बोललोय.”

“सगळे सोडायचेच आहेत, तर बॅगेत माझ्या मालवणी मसाल्याची बरणी कशाला घेतलीत?”

“अगं, परतीचं तिकीट श्रावण संपल्यावर दोन दिवसांनी आहे.”