घरपट्टी आणि माझं स्थळ

माझं लग्न जमवलं ते घरपट्टीवाल्या साहेबांनी! हसू नका गं, चहा घ्या आणि ऐका.

मध्यप्रदेश नवा नवा झाला होता. नव्या राज्यात घरपट्टी दुप्पट होणार, अशी आमच्या शनवारा मोहल्ल्यात आवई उठलेली. त्यातच गावातल्याच राजपुऱ्याहून पाहुणे मला बघायला आले. आमचे बाबा ऐटीत सांगत होते, "सागवानी घर आहे आपलं. शंभर वर्षं हलायचं नाही."

तेवढ्यात घरपट्टी ठरवणारे साहेब दारात! "भाड्याने दिलं तर किती येतील या घराचे?" भाड्यावरूनच पट्टी ठरायची ना.

बाबांनी लगेच सूर बदलला. "कोण घेणार साहेब भाड्याने? ही भिंत कधी पडेल, भरोसा नाही."

पाहुणे भिंतीपासून सरकून बसले. मुलाचे वडील तडकलेच, "अहो, आत्ता तर शंभर वर्षं म्हणत होता!"

पोह्यांच्या बश्या घेऊन मी दारातच थिजले. गेलं स्थळ!

साहेब मुलाच्या वडिलांकडे निरखून बघत म्हणाले, "तुम्ही इथं? काल तुमच्या घरी आलो होतो. वरच्या मजल्यावर भूत आहे, भाडेकरू टिकत नाही, असं तुम्हीच सांगितलं ना?"

दोघं बाप एकमेकांकडे बघून असे काही हसत सुटले की तिथंच सुपारी फुटली. पट्टी दोन्ही घरांची वाढली, ते वेगळं.

लग्नानंतर आम्हाला वरचाच मजला मिळाला. सासरे येईल त्याला सांगायचे, "साहेबांशी मी खोटं बोललोच नव्हतो. भूत यायला फक्त जरा उशीर झाला."