पुढे तात्या, मागे दादा

नाही, तुम्हीच सांगा, सायकलचं हँडल निवडायचं कुणी? जो सायकल चालवतो त्याने, की जो दांड्यावर बसतो त्याने? हसू नका! साधा प्रश्न आहे, दुसरीतलं पोर उत्तर देईल, पण आमच्या घरात या प्रश्नावर बैठक बसली. बैठक! सुपारी कातरून! पोरीचं लग्न ठरवायला बसावं तसे म्हातारे भिंतीला टेकून बसले, आणि ज्याच्या हाताला मुंग्या येतात तो मी, बन्सी, वय वर्षं एकवीस, उंबऱ्याबाहेर उभा. का? तर मी कॉलेज सोडलंय. कॉलेज सोडलेल्या माणसाला हात असतात, पण हातांबद्दल मत नसतं!

तुम्हाला सांगतो, आम्ही मूळचे नगरकडचे. इथे तारापूरला अणुवीजघराचं बांधकाम निघालं, तेव्हा सगळ्यात आधी आले आमचे चुलते, झुंबरतात्या, ते झाले वाळू-खडीच्या टोळीचे मुकादम. त्यांनी आमच्या वडिलांना, म्हणजे भगवंतदादांना, स्टोअरच्या फाटकावर राखणीला चिकटवलं. आणि मी कॉलेज सोडून घरी आलो तसं मलाही टोळीत ओढलं. पाम गावात दोन खोल्या भाड्याच्या, माणसं पाच, सायकल एक. ती सायकल कुणाची? तात्यांच्या सासऱ्याने लग्नात दिलेली. म्हणजे मालक तात्या. आणि चालवणारा? चालवणारा मी! पुढे दांड्यावर तात्या, मागे कॅरिअरवर दादा, मधे मी. रोज सकाळी, पामपासून साइटपर्यंत, खडीच्या रस्त्याने... पुढे तात्या, मागे दादा, आणि हात कुणाचे? माझे!

तुम्ही म्हणाल, बाबांनो, चालत का जात नाही ते? विचारलं मी. तात्या काय म्हणाले माहितीय? "मुकादम चालत आला तर टोळी मान देत नाही." अहो, मुकादम पुतण्याच्या छातीला पाठ लावून, मांड्या एका बाजूला सोडून, मांडीवर डबा घेऊन येतो त्याला मान मिळतो? आणि दादा म्हणतात, गुडघा. दादांचा गुडघा फक्त साइटवर जाताना दुखतो, बोईसरच्या बाजाराला जाताना दुखत नाही. वाटेत मासे घेऊन येणाऱ्या बाया भेटतात, त्यातली एक तानी म्हणून आहे, डोक्यावर पाटी, तोंडाचा पट्टा सुरू. रोज ओरडते, "अगो बाय, मधला कोन गो? जिता हाय का?" आणि तात्या घंटी वाजवतात. घंटी तात्या वाजवतात, बरं का! पायडल मी, ब्रेक मी, तोल मी, घंटी त्यांची!

तर त्या सायकलचं जुनं हँडल होतं सपाट आणि खाली बसलेलं. त्यावर हात टेकवायचे म्हणजे अंगाचा सगळा भार तळव्यांवर. आणि खडी खालून दणके देते, ते दणके थेट मनगटात. साइटवर पोचेपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मेलेली! चिमटा काढा, कळत नाही. आता खडी वाहायची असती तर मेली तर मेली, पण मी टोळीतून सुटायला बघत होतो. जेवणाच्या सुट्टीत वेल्डिंग शिकत होतो. फोरमन हिंदीवाला, कडक माणूस, पण म्हणाला, "टेस्ट पास करेगा तो वेल्डर बनेगा, नहीं तो चाचा के साथ खडी उठा." चाचा के साथ! समजलं ना, काय होतं माझं त्या टेस्टवर? आयुष्यभर तात्यांच्या हाताखाली घमेलं, नाहीतर स्वतःचं काम, तोंडावर ओढायची स्वतःची काच, कांडी पकडायचा स्वतःचा होल्डर. आणि वेल्डिंगला काय लागतं? हात थिर लागतो. ती वितळणारी कांडी लोखंडापासून एवढीशी उचलून धरायची आणि हळूहळू सरकवायची. माझी कांडी थरथरायची, चिकटायची, आणि जोडाची शिवण कशी यायची... दारू प्यालेल्या मुंगळ्यांची रांग. शेजारी काम करणारा जिवल्या, मासवणकडचा, एकदा बघून म्हणाला, "बन्सीभाऊ, ही शिवण सरपटत गेली का काय?"

म्हणून मी गेलो बोईसरला, धर्माजीच्या सायकल दुकानात. सगळी हँडलं धरून बघितली. एक होतं, वर उचललेलं, मुठी मागे वळलेल्या, धरलं की खांदे आपोआप खाली येतात, मनगट सरळ राहतं, माणूस ताठ बसतो. तुम्हाला सांगतो, ते धरलं आणि मला पहिल्यांदा वाटलं की ही सायकल मी चालवतोय! बसवून घेतलं. रविवारी एकटा पामच्या बाहेरपर्यंत फिरून आलो. करंगळी जिवंत! शेजारचं बोट जिवंत! आईला, साखरबाईला, दोन्ही बोटं हलवून दाखवली. ती म्हणाली, "बरं बाबा, आता जेव."

सोमवारी तात्या बसले दांड्यावर. झालं! मुठी मागे वळलेल्या ना... पहिल्याच वळणावर उजवी मूठ तात्यांच्या मांडीत. दुसऱ्या वळणावर डावी मूठ पोटात. तात्या ओरडतायत, "अरे, मारतोस का काय मला!" मागून दादा ओरडतायत, "हळू, हळू, डबा सांडला!" आणि तानी पाटी उतरवून रस्त्याच्या कडेला बसली, हसायला.

संध्याकाळी बैठक. रंभाकाकू म्हणाली, "ह्यांच्या मांडीला काळंनिळं झालंय, माझ्या बापाने दिलेली सायकल, तिला कधी असली शिंगं नव्हती." आई म्हणाली, "दोन्ही हँडलं लावा ना." आई बिचारी बोलते, कुणी ऐकत नाही. दादा काय म्हणाले? दादा, माझे स्वतःचे वडील, म्हणाले, "हँडल खालीच असावं. माणूस जरा वाकलेला बरा दिसतो. छाती काढून सायकल चालवायची म्हणजे काय, कलेक्टर आहे का?" मी उंबऱ्यातून म्हणालो, "दादा, तुम्ही मागे बसता, तुम्हाला माझी छाती दिसतच नाही." तर म्हणाले, "बघा, बघा, उलट बोलतो. म्हणून कॉलेज सुटलं." सुटलं नाही हो, सोडलं! जाऊ दे. मी म्हणालो, हात माझे बधिर होतात, टेस्ट आहे. तात्या म्हणाले, "आम्ही काय टेस्टा देऊन मुकादम झालो?" संपला विषय. पुढे तात्या, मागे दादा, आणि हात कुणाचे? माझे!

मग तात्या स्वतः आले धर्माजीच्या दुकानात, मला घेऊन. हँडल निवडायला! आणि कसं निवडलं, ऐका. मला म्हणाले, "सायकल धर." मी धरली. आणि हे चढून बसले दांड्यावर, दुकानाच्या मधोमध, आणि एकेक हँडल समोर धरायला लावलं. "हं... हे कोपराला टोचतं. हं... हे लांब आहे." धर्माजी भला माणूस, त्याने विचारलं, "चालवनार कोन हाय?" तात्या म्हणाले, "हा." "मंग तेला विचारा ना, काका." तर तात्या काय म्हणतात? "त्याला काय विचारायचं? त्याने कॉलेज सोडलंय."

निवडलं! सरळसोट, आखूड, खाली आणि पुढे. तात्या त्यावर दोन्ही कोपरं टेकवून बसतात, ओसरीच्या कठड्यावर बसावं तसे. आणि मला? मला तात्यांना मिठी मारून, त्यांच्या काखेखालून हात काढून, मूठभर उरलेली जागा धरावी लागते. तोंडात त्यांचा फेटा. आधी दोन बोटं मरत होती, आता चार!

आणि टेस्ट लागली कधी? खंडेनवमीला! फोरमनला काय त्याचं, दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, म्हणून आदल्या दिवशी टेस्ट उरकून टाकायची. इकडे आमच्या घरी सकाळीच सगळी हत्यारं पुसून पाटावर. खुरपं, विळी, तात्यांचं फावडं, आणि भिंतीला टेकवून सायकल, हँडलला झेंडूची माळ, घंटीला कुंकू. मी म्हणालो, "मला जायचंय." रंभाकाकू किंचाळली, "आज सायकलला हात लावायचा नाही! पूजेला मांडलेलं हत्यार आज चालवतात का?" मी म्हणालो, "मग वेल्डिंगचं हत्यार चालवू का नको?" मोठा पेच! तात्यांनी डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला, "ते कंपनीचं आहे. त्याचं पाप कंपनीला. तू जा. चालत जा." आणि स्वतः? स्वतः तात्या आणि दादा, दोघांनी रजा टाकलेली. पाटासमोर पुरणाची वाट बघत बसले.

गेलो चालत. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही! दोन्ही हात मोकळे, नुसते लोंबत सोडलेले. तानी दिसली, म्हणाली, "आज एकटाच? बाकीचं वझं कुटं टाकलं?" साइटवर पोचलो, काच ओढली, कांडी धरली... आणि हात थिर! असा थिर, की माझाच हात आहे का म्हणून मी बघत राहिलो. शिवण आली, सरळ, एका वजनाची, खवले खवले नीट बसलेली. फोरमनने खिळ्याने शिवणीवरची खपली खरवडली, बघितलं, म्हणाला, "कल तक तो काँपता था. क्या खाया?" काय सांगणार त्याला? आज तात्या नव्हते, हे सांगू?

पास! धावत घरी आलो. आणि तुम्हाला सांगतो, मला वाटलं, आता तरी समजेल यांना. आता तरी कुणी म्हणेल की पोराचे हात मोकळे होते म्हणून जमलं. दादांनी हँडलवरची माळ नीट केली, हात जोडले. म्हणाले, "पूजा फळली." तात्या म्हणाले, "हँडल लाभलं. मी निवडलं तेव्हाच मला वाटलं होतं. आता हे बदलायचं नाही." मी म्हणालो, "अहो तात्या, मी चालत गेलो!" तर म्हणाले, "अरे, हँडल घरी होतं ना!" आणि वर काय? "वेल्डर झालास, म्हणजे आता रोजचं जाणं-येणं पक्कं. मोठी चिंता मिटली." कुणाची चिंता? विचारा ना, कुणाची?

दसरा झाला. सकाळी तात्यांनी दांड्यावर टॉवेल अंथरला, "चल रे वेल्डर," दादा मागे बसले. आता साइटवर गेलो की सुरुवातीला बराच वेळ मी काच तोंडावर ओढून नुसता बसतो. फोरमनला वाटतं, पोरगा कामाचा विचार करतोय. कसला विचार! करंगळी जागी व्हायची वाट बघतोय.

आणि दसऱ्यानंतरच्या त्या पहिल्याच सकाळी वाटेत तानी पाटी सावरत ओरडली, "अरे, मधला पास झाला म्हनं!" मी तोंड उघडलं, तर तोंडात फेटा. मागून दादा म्हणाले, "झाला, झाला!" पुढून तात्या म्हणाले, "होणारच! हँडल बघितलंस का?"

आणि घंटी वाजवली.